एका गावाची दोन नावं: अ‍ॅपलक्रॉस आणि अ खोमरिख

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर, स्काय बेटाच्या समोर, एक डोंगराळ द्वीपकल्प समुद्रात घुसलं आहे. तिकडे जाणारा जुना रस्ता टोर्नाप्रेस या जागी फुटतो, आणि फाट्यावरच एक भलीमोठी पाटी उभी आहे. हा रस्ता २०५३ फुटांपर्यंत चढतो, काही ठिकाणी दर पाच फुटांना एक फूट इतका खडा चढ आहे, वळणं अगदी आवळलेली आहेत. शिकाऊ चालकांनी आणि फार मोठ्या वाहनांनी इकडे येऊ नये, असं त्या पाटीवर बजावलेलं आहे. हा घाट १८२२ सालचा. तो चढून पलीकडे उतरलात की एका उथळ, वाळूच्या खाडीकाठी पांढऱ्या घरांची एक ओळ दिसते. नकाशावर तिचं नाव अ‍ॅपलक्रॉस.

सफरचंद आणि क्रूस, असंच कुणालाही वाटेल. पण गावाच्या गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या स्थानिक भाषेतल्या, नावात यातलं काहीच नाही. गेलिकमध्ये या जागेला 'अ खोमरिख' म्हणतात. दोन्ही नावं मोठ्याने म्हणून बघा: एकही ध्वनी धड जुळत नाही. अशी जोडी दिसली की आपण लगेच धरून चालतो, की स्थानिक नाव मूळ आणि इंग्रजी नाव म्हणजे साहेबाने केलेला अपभ्रंश. इथे तसं नाही, आणि म्हणूनच मला हे गाव समजावून सांगावंसं वाटलं. इथलं विचित्र दिसणारं इंग्रजी नाव गेलिक नावापेक्षा जुनं आहे.

ते कसं, हे कळायला आधी तिथे कोणकोण बोलून गेलं ते पाहू. साधारण दीड हजार वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या उत्तर भागात पिक्ट लोक राहायचे. त्यांची भाषा आजच्या वेल्श भाषेच्या नात्यातली होती. तिच्यातला लिहिलेला मजकूर जवळजवळ उरलेला नाही. ती आज आपल्याला भेटते ती मुख्यतः गावांच्या आणि माणसांच्या नावांत. मग आयर्लंडकडून गेलिक बोलणारे लोक आले. आठव्या शतकाच्या शेवटी नॉर्वेकडून व्हायकिंग आले आणि पश्चिम किनाऱ्याची बेटं १२६६ सालापर्यंत नॉर्वेच्या राजाच्या नावावर राहिली. नंतर पुन्हा गेलिकचा जोर आणि शेवटी इंग्रजी. नवा रंग द्यायला जुनी भिंत खरवडली की आधीचे हात एकाखाली एक दिसतात, तशी इथली गावांची नावं आहेत.

आता सगळ्यात खालचा हात. इसवी सन ६७३. आयर्लंडच्या जुन्या लॅटिन वृत्तांतात त्या सालापुढे जेमतेम एका ओळीची नोंद आहे: माल रुवाने 'आपोर क्रोसान' इथे चर्च स्थापन केलं. हा माल रुवा आयर्लंडमधल्या बँगरच्या मठातला साधू. ६४२ सालचा जन्म, ६७१ साली समुद्र ओलांडून इकडे आला, दोन वर्षांनी त्याने हा मठ उभारला आणि ७२२ साली वयाच्या ८०व्या वर्षी इथेच देह ठेवला. म्हणजे ज्या गावात आजही जायला एक अवघड घाट आणि एक किनाऱ्याचा रस्ता एवढंच आहे, त्याचं नाव तेराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं सापडतं. त्या काळी वाट समुद्राची होती. त्यामुळे आज कोपऱ्यात पडल्यासारखी वाटणारी ही जागा तेव्हा ऐन रहदारीवर होती. किनाऱ्याकडेने शील्डेगहून येणारा रस्ता तर १९७०च्या दशकात पूर्ण झाला.

'आपोर क्रोसान' फोडून बघू. आपोर म्हणजे नदी जिथे समुद्राला किंवा दुसऱ्या नदीला मिळते ती जागा, मुख. हा पिक्टांचा शब्द. वेल्शमध्ये तोच 'अबेर' असा आहे आणि अ‍ॅबर्डीन या शहराच्या नावातही तोच बसलेला आहे. क्रोसान हे गावातून वाहणाऱ्या नदीचं नाव. म्हणजे 'आपोर क्रोसान' याचा अर्थ इतकाच, की क्रोसान नदीचं मुख.

गेलिकमध्ये याच अर्थाचा वेगळा शब्द आहे, 'इनविर'. इन्व्हरनेस या नावातलं पहिलं पद ते हेच; नेस नदीचं मुख म्हणून इन्व्हरनेस. त्यामुळे स्कॉटलंडच्या नकाशावर 'अबर' आणि 'इन्व्हर' अशी नावं वेगवेगळ्या रंगांच्या टाचण्यांनी दाखवली, तर पिक्टांची वस्ती कुठे दाट होती याचा अंदाज येतो. अबरच्या टाचण्या पूर्वेकडे पुष्कळ दिसतील. पश्चिम किनाऱ्यावर फारच विरळ, आणि त्या विरळांपैकी एक म्हणजे आपलं हे आपोर क्रोसान. एका खेड्याच्या नावातून एका हरवलेल्या भाषेची हद्द कळते ती अशी.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह मला आवरत नाही. अबेर आणि इनविर या दोन्ही शब्दांच्या पोटात 'बेर' असा एकच धातू आहे, वाहून नेणे या अर्थाचा. नदी आपलं पाणी जिथे नेऊन घालते ती जागा. भाषांचे अभ्यासक हा धातू संस्कृतमधल्या 'भृ' या धातूचा सख्खा नातेवाईक मानतात. आपला 'भार' त्यातूनच आला, 'भरणे' त्यातूनच आणि 'भरती'सुद्धा. खाडीच्या मुखाशी उभं राहून आपण 'भरती लागली' म्हणतो तेव्हा तोंडात असतो तो शब्द आणि अबर्डीनमधला 'अबर' एकाच घरातून निघालेले आहेत.

तर आपोर क्रोसानचं अ‍ॅपलक्रॉस कसं झालं? आपोर-क्रोसान भराभर चार-पाच वेळा म्हणा. दोन 'र' अगदी जवळ येतात आणि जीभ अडखळते. असं झालं की बोलणारे नकळत त्यातला एक ध्वनी बदलून टाकतात. संस्कृत 'लांगल' या शब्दात दोन 'ल' होते, आपण त्याचा 'नांगर' केला. एकही 'ल' शिल्लक ठेवला नाही. तसंच इथे पहिल्या 'र'चा 'ल' झाला आणि शेवटचं 'आन' गळून गेलं. मग इंग्रजी कानाने त्या उरलेल्या आवाजात आपल्या ओळखीचे दोन शब्द शोधले आणि ते सापडलेही: अ‍ॅपल आणि क्रॉस. अनोळखी आवाजाला ओळखीचा अंगरखा चढवायची ही सवय सगळ्याच भाषांना आहे. एकदा अंगरखा चढला की त्याला शोभेल अशी गोष्टही जन्माला येते. इथे अशी दंतकथा आहे की जमिनीच्या एका मालकाने आपल्या बागेत सफरचंदाची पाच झाडं क्रूसाच्या आकारात लावली होती, त्यावरून हे नाव पडलं. गोष्ट गोड आहे, पण नाव झाडांच्या कितीतरी आधीचं.

म्हणजे इंग्रजी नावाने, अर्थ न कळता का होईना, पिक्टांचा शब्द तेराशे वर्षं सांभाळला. गेलिक बोलणाऱ्यांनी मात्र तो बाजूला ठेवला आणि त्या जागेला ती जे काम करत होती त्याचं नाव दिलं.

'कोमरिख' या गेलिक शब्दाचा अर्थ अभय, आसरा, शरण आलेल्याला मिळणारं संरक्षण. रोमन लिपीत गेलिक शब्द पाहिला की तो वाचताच येणार नाही असं वाटतं, पण या एका नावावर त्या भाषेचे बरेच नियम शिकता येतात. रोमन अक्षरांत ते साधारण 'ए, सी-एच-ओ-एम-आर-ए-आय-सी-एच' असं लिहितात. पहिला 'ए' म्हणजे 'ती' किंवा 'तो' अशा अर्थाचं निर्देशक पद, इंग्रजीतल्या 'द'सारखं. कोमरिख हा शब्द गेलिकमध्ये स्त्रीलिंगी आहे, आणि हे पद स्त्रीलिंगी शब्दाच्या आधी लागलं की त्या शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ होतं. क चा ख होतो. पण आपला ख नव्हे, घसा खाकरताना निघतो तसला घासलेला. लिहिताना त्या अक्षरापुढे नुसता एक 'एच' घालतात. शेवटचा ख आणखी नाजूक, ह आणि श यांच्या मधला काहीतरी. म्हणून कोमरिखचं झालं अ खोमरिख.

मराठी माणसाला हे तसं परकं वाटायचं कारण नाही. आपणही वाक्यात शब्द जसाच्या तसा कधी ठेवतो? घोडा, पण घोड्याला. आपल्याकडे शब्द शेपटीकडून बदलतो, गेलिकमध्ये तो तोंडाकडूनही बदलतो, एवढाच फरक. हे एकदा लक्षात आलं की स्कॉटलंडच्या नकाशावर जागोजाग घुसलेले ते 'एच' डोळ्यांना खुपेनासे होतात. बी-एच आणि एम-एच एकत्र दिसले की बहुतेक वेळा 'व' म्हणायचं, हा त्याच नियमाचा पुढचा धडा.

आणि ते 'ती' किंवा 'तो' महत्त्वाचं आहे. कुठलातरी एखादा आसरा असा अर्थ इथे नाही. 'तो आसरा', म्हणजे सगळ्या मुलखाला ठाऊक असलेला. गेलिक गावांच्या नावांत हे पद वारंवार येतं. ज्याला इंग्रजीत ओबन म्हणतात ते गेलिकमध्ये 'अन टोबन' आहे, ती छोटी खाडी. प्लॉक्टन हे 'अम प्लॉख्क', तो उंचवटा. इंग्रजीने नावं उचलताना हे पद बहुधा गाळलं, आणि त्यासोबत त्या नावांतला 'तुम्हाला माहीत आहेच' हा आपलेपणाचा सूरही गेला.

आसरा म्हणजे नेमकं काय? मध्ययुगीन स्कॉटलंडमध्ये काही देवस्थानांच्या भोवतीची जमीन अभयाची मानली जायची. कुणी पाठलागावर असेल, सूड घ्यायला कुणी टपला असेल, तर हद्दीच्या आत पाऊल टाकल्यावर त्याला हात लावायचा नाही. निवाडा होईपर्यंत तो देवाच्या पदराखाली. माल रुवाच्या मठाभोवती ही हद्द चहूबाजूंनी सहा मैलांची होती आणि ती दाखवायला दगडी क्रूस उभे केलेले होते, असं परंपरा सांगते. डोंगर उतरून धापा टाकत येणाऱ्या माणसाला तो दगड दिसणं म्हणजे काय असेल, याची कल्पना करून बघावी.

ही अभयाची हद्द कायद्याने आणि भीतीने राखली जायची आणि कधीकधी मोडलीही जायची. याच रॉस प्रांताच्या पूर्व किनाऱ्यावर टेन नावाचं गाव आहे, तिथेही असंच अभयक्षेत्र होतं. १३०६ साली रॉबर्ट ब्रूस या राजाची राणी आणि मुलगी तिथे आसऱ्याला गेल्या. रॉसच्या अर्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने, हद्दीची पर्वा न करता त्यांना पकडलं आणि इंग्लंडच्या राजाच्या हवाली केलं. सातशे वर्षांनंतरही ही गोष्ट विसरली गेलेली नाही, यावरूनच तो नियम लोकांनी किती मनावर घेतला होता ते कळतं.

मठ आज उरलेला नाही. खाडीच्या माथ्याशी क्लाखन नावाची जागा आहे. 'क्लाख' म्हणजे दगड, आणि 'क्लाखन' म्हणजे चर्चभोवतीची छोटी वाडी. तिथलं आजचं चर्च अलीकडचं, पण आवाराच्या फाटकाशी माणसाहून उंच अशी एक शिळा उभी आहे आणि तिच्यावर क्रूस कोरलेला आहे. जुन्या कोरीव दगडांचे काही तुकडे चर्चच्या आत ठेवले आहेत. गुंतागुंतीच्या वेलबुट्टीचं आणि गोल फिरत जाणाऱ्या नागमोडी रेघांचं काम त्यांवर अजून स्पष्ट दिसतं.

आसरा इमारतीचा नव्हता, सगळ्या मुलखाचा होता, हे आजही तिथल्या बोलण्यात टिकून आहे. बाहेरचे लोक ज्या घरांच्या ओळीला अ‍ॅपलक्रॉस म्हणतात तिला तिथले लोक नुसतं 'स्ट्रीट' म्हणतात, कारण तिचं खरं नाव शोर स्ट्रीट. अ‍ॅपलक्रॉस म्हणजे त्यांच्या लेखी किनाऱ्याने विखुरलेल्या सगळ्या वाड्या मिळून: टोस्केग, कल्डूई, कॅमस्टेरख, मिल्टन, आर्ड-डू आणि बाकीच्या.

या वाड्यांची नावंही एकेका परीची आहेत. आर्ड-डू म्हणजे काळं भूशिर. गेलिक नाव इंग्रजी कागदावर जवळजवळ जसंच्या तसं उतरलं. मिल्टन हे गेलिक 'बाल अ वूलिन', म्हणजे गिरणीची वाडी, याचं सरळ भाषांतर. त्या दोघांच्या शेजारी अ‍ॅपलक्रॉस, ज्याचं भाषांतरही झालं नाही आणि ध्वनीही नीट राहिला नाही. तीन शेजारी आणि नाव बदलण्याच्या तीन तऱ्हा. उत्तरेकडे शील्डेग आणि खाडीपलीकडे डीअबेग. यांच्या शेवटचं 'एग' व्हायकिंगांच्या 'वीक' या शब्दाचं झिजलेलं रूप आहे, वीक म्हणजे खाडी. शील्डेग म्हणजे हेरिंग माशांची खाडी, डीअबेग म्हणजे खोल खाडी. होड्या घेऊन आलेल्या माणसांनी मासा कुठे मिळतो आणि पाणी कुठे खोल आहे एवढंच नोंदवून ठेवलं; दर्यावर्दी माणसाला एवढंच लागतं.

आणि सुरुवातीला सांगितला तो घाट. त्याचं नाव 'ब्यालख न बा', गुरांचा घाट. इथली गुरं याच वाटेने डोंगरापलीकडच्या बाजारांकडे हाकत नेत. ब्यालख म्हणजे खिंड. आणि गेलिकमध्ये गाय म्हणजे 'बो'. पण नावात 'बो' नाही, 'बा' आहे, कारण 'गाईचा' म्हणताना शब्दाचं रूप बदलतं, जसं आपल्याकडे गाय आणि गाईचा. हा 'बो' आणि संस्कृत 'गो' मूळचे एकच. पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वी ज्यांच्या तोंडी तो एक शब्द होता त्यांची लेकरं कुठली कुठे पांगली, आणि एका टोकाला तो 'गाय' झाला तर दुसऱ्या टोकाला ढगात हरवलेल्या एका घाटाच्या पाटीवर 'बा' होऊन बसला.

माल रुवाचं नावही असंच वाटेत बदलत गेलं. अ‍ॅपलक्रॉसच्या ईशान्येला एक मोठं सरोवर आहे, लॉख मरी. ऐकणाऱ्याला वाटतं मेरीमातेचं नाव असेल. पण ते माल रुवाचं आहे. काळ इतका उलटला की या भागात लोक 'मूरी' नावाने जवळजवळ एका देवाची पूजा करू लागले. १६५६ साली चर्चच्या अधिकाऱ्यांची सभा अ‍ॅपलक्रॉसलाच भरली आणि २५ ऑगस्टला त्याच्या नावाने बैल बळी द्यायची प्रथा चालते म्हणून त्यांनी तिचा निषेध केला. ज्या साधूने इथे ख्रिस्ती मठ उभारला त्याच्याच नावाने हे चाललेलं पाहून त्यांची काय अवस्था झाली असेल!

ही नावं कागदावर पक्की कशी झाली तेही थोडक्यात सांगायला हवं. १९व्या शतकात सरकारी मोजणी खात्याने, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेने, हा भाग मोजला. मोजणीदार गावकऱ्यांना, धर्मगुरूंना, जमीनमालकांच्या कारभाऱ्यांना नावं विचारत आणि वह्यांमध्ये उतरून घेत. पुष्कळ नावं त्यामुळे वाचली. पुष्कळ नावांचं वळणही तेव्हाच बिघडलं, कारण ऐकणाऱ्याला गेलिक येत असेलच असं नव्हतं. १८७२च्या शिक्षण कायद्यात गेलिकला जागाच नव्हती. शाळेत मुलं इंग्रजी शिकली, आणि ज्या भाषेत आपल्या वाडीच्या नावाला अर्थ होता ती भाषा घरापुरती राहिली. या काळात डब्ल्यू. जे. वॉटसन यांनी फार मोठं काम केलं. रॉसमध्येच जन्मलेले, घरी गेलिक बोलत वाढलेले. १९०४ साली त्यांनी रॉस आणि क्रोमार्टी भागातल्या गावांच्या, ओढ्यांच्या, डोंगरांच्या नावांवर ग्रंथ काढला. जुने दस्तऐवज एका हाताला आणि गावातल्या म्हाताऱ्यांचा उच्चार दुसऱ्या हाताला, अशी त्यांची पद्धत होती. नुसत्या कागदावर विसंबणाऱ्याला अ‍ॅपलक्रॉसमध्ये सफरचंदच दिसलं असतं.

२००५ साली स्कॉटलंडच्या संसदेने गेलिकसाठी कायदा केला. आता रस्त्यांच्या कितीतरी पाट्यांवर दोन्ही नावं असतात, आणि कुठलं गेलिक रूप बरोबर हे ठरवायला स्काय बेटावरच्या गेलिक महाविद्यालयातून काम करणारी एक राष्ट्रीय संस्था आहे. २०२२च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये सुमारे १ लाख ३० हजार लोकांनी आपल्याला थोडीफार गेलिक येते असं नोंदवलं. दोन नावांच्या पाट्यांवर तिथे वादही होतात: खर्च कशाला, वाचतं कोण, असे. मला या वादात पाट्यांच्या बाजूने उभं राहावंसं वाटतं, आणि दोन्ही नावांच्या बाजूने. अ‍ॅपलक्रॉस पुसून नुसतं अ खोमरिख लिहिलं तर पिक्टांचा तो शेवटचा शब्द जाईल. नुसतं अ‍ॅपलक्रॉस ठेवलं तर त्या सहा मैलांत काय होतं ते कुणाला कळणार नाही.

हे नाव पुढे समुद्रापारही गेलं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पर्थ शहर आहे, त्याचं एक उपनगर अ‍ॅपलक्रॉस, या स्कॉटिश गावावरून नाव दिलेलं. तिथे ब्यालख न बा नाही, कोरीव शिळा नाही, क्रोसान नदी नाही. पण ते उपनगर ज्या टोकावर वसलं आहे तिथेच कॅनिंग नदी येऊन स्वान नदीला मिळते. आपोर.